आयर्लंडबाहेरील संत पॅट्रिक दिन

संत पॅट्रिक दिन हा आयर्लंडचे संरक्षक संत मानले जाणारे संत पॅट्रिक यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १७ मार्च रोजी साजरा होणारा सण आहे. आयरिश भाषेत त्याला 'लॉ एला पॉड्रिग' असे म्हणतात. मुळात ख्रिस्ती धर्मपंचांगातील असलेला हा सण आयर्लंडमधून स्थलांतर केलेल्या लोकांनी आपल्याबरोबर उत्तर अमेरिका, कॅरिबियन बेटे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथे नेला. तेथे त्याला सामाजिक व राजकीय स्वरूप प्राप्त झाले. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड मिळून संपूर्ण बेटाची लोकसंख्या सुमारे ७० लाख आहे, तर एकट्या अमेरिकेत स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवणाऱ्यांची संख्या तीन कोटींहून अधिक आहे.

रस्त्यांवरून निघणारी मोठी मिरवणूक, खारवलेल्या गोमांसाचे भोजन, हिरवी बिअर ही सणाची आज जगभर परिचित असलेली अंगे मुख्यत्वे स्थलांतरितांच्या वस्त्यांत घडली व पुढे त्यांपैकी काही आयर्लंडमध्ये परतली. परदेशातील या सोहळ्यांच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार पुढे आलेला दिसतो, तो म्हणजे आयरिश कोणाला म्हणावे आणि मिरवणुकीत चालण्याचा अधिकार कोणाला आहे.

पार्श्वभूमी

संत पॅट्रिक हे पाचव्या शतकातील धर्मप्रसारक होते. रोमन अंमलाखालील ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पॅट्रिक यांना सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश चाच्यांनी पळवून नेले व आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून ठेवले. सहा वर्षांनी ते निसटून घरी परतले आणि कालांतराने बिशप म्हणून पुन्हा आयर्लंडला गेले. ही माहिती त्यांनी स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेल्या 'कन्फेसिओ' या आत्मनिवेदनात आढळते. १७ मार्च हा त्यांचा मृत्युदिन होय, असे परंपरा मानते. वॉटरफर्ड येथे जन्मलेले व रोममध्ये वास्तव्य असलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू ल्यूक वॉडिंग यांच्या प्रयत्नांमुळे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या दिवसाला कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक पंचांगात स्थान मिळाले. अशा प्रकारे सणाला चर्चची व्यापक मान्यता मिळवून देण्याचे कामही परदेशस्थ आयरिश माणसाच्याच हातून झाले.

हा सण ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येतो. आयर्लंडच्या ग्रामीण भागात या दिवशी चर्चमध्ये प्रार्थनेला जाणे, टोपीला किंवा कोटाला शॅमरॉक ही तिपानी वनस्पती लावणे, आणि उपवासकाळात वर्ज्य असलेले मांस व मद्य एका दिवसापुरते घेणे एवढेच सणाचे स्वरूप होते. शॅमरॉक लावण्याच्या प्रथेची नोंद टॉमस डाइनली या इंग्रज प्रवाशाने इ.स. १६८१ मध्ये केली आहे. पॅट्रिक यांनी या तीन पानांच्या साहाय्याने ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याची कल्पना समजावून सांगितली, ही सुप्रसिद्ध आख्यायिका मात्र अठराव्या शतकाच्या आधीच्या लिखाणात सापडत नाही.

इतिहास

*आरंभीचे सोहळे*

संत पॅट्रिक यांच्या नावाने निघालेल्या, ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या मिरवणुकीची नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा येथील सेंट ऑगस्टीन या तत्कालीन स्पॅनिश वसाहतीतील आहे. इ.स. १६०१ च्या मार्च महिन्यात तेथील रहिवाशांनी संताच्या सन्मानार्थ रस्त्यांवरून मिरवणूक काढली. वसाहतीचा धर्मगुरू रिकार्डो आर्टूर हा मूळचा आयरिश होता. स्पॅनिश दप्तरातील ही नोंद एकविसाव्या शतकात उजेडात आली. या मिरवणुकीची परंपरा मात्र पुढे टिकली नाही.

बॉस्टनमध्ये १७ मार्च १७३७ रोजी आयरिश वंशाच्या नागरिकांनी आपल्या गरजू देशबांधवांना मदत करण्यासाठी 'चॅरिटेबल आयरिश सोसायटी' स्थापन केली. तिचे संस्थापक प्रोटेस्टंट होते. त्या काळात या दिवसाला अजून केवळ कॅथलिकांचा सण असे स्वरूप आलेले नव्हते. न्यूयॉर्कमधील पहिली मिरवणूक इ.स. १७६२ मधील मानली जाते. तीत ब्रिटिश सैन्यात चाकरी करणाऱ्या आयरिश सैनिकांचा पुढाकार होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मॉरिसटाउन येथील छावणीत १७ मार्च १७८० रोजी आपल्या सैन्याला सुटी दिली. सैन्यात आयरिश सैनिकांचे प्रमाण मोठे होते आणि आयर्लंडमध्येही ब्रिटिश सत्तेविरुद्ध असंतोष वाढत होता, त्यामुळे या सुटीला राजकीय अर्थही होता.

*महादुष्काळ आणि स्थलांतर*

इ.स. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला व आयर्लंडमधील गरीब कुळांचे एकमेव अन्न नष्ट झाले. इ.स. १८५२ पर्यंत चाललेल्या या महादुष्काळात सुमारे दहा लाख लोक भूक व साथींमुळे मरण पावले आणि किमान तितक्याच लोकांनी देश सोडला. इ.स. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या इ.स. १८५१ मध्ये सुमारे ६५.५ लाखांवर आली. दुष्काळ चालू असताना देशातून धान्य व जनावरांची निर्यात होत राहिली, आणि भाडे न भरू शकणाऱ्या कुळांना जमीनदार घरांबाहेर काढत राहिले. यामुळे परदेशी गेलेल्यांच्या मनात ब्रिटिश सत्तेविषयी दीर्घकाळ टिकणारी कटुता निर्माण झाली.

हे नवे स्थलांतरित बहुतांशी गरीब, कॅथलिक आणि ग्रामीण होते. त्यांपैकी अनेकांची मातृभाषा आयरिश होती. अमेरिकेतील प्रोटेस्टंट बहुसंख्याकांकडून त्यांना तीव्र विरोध झाला. इ.स. १८४४ मध्ये फिलाडेल्फियातील दंगलींत कॅथलिक चर्च जाळण्यात आली, तर १८५० च्या दशकात 'नो नथिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षाने स्थलांतरितांच्या विरोधावर राजकारण उभे केले. वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांत आयरिश माणूस माकडासारखा आणि दारूच्या नशेत दाखवला जाई.

या पार्श्वभूमीवर १७ मार्चच्या मिरवणुकीचा अर्थ बदलला. इ.स. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली 'एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स' ही कॅथलिक संघटना, मजुरांची मदतमंडळे, दारूबंदी मंडळे आणि स्वयंसेवी सैनिकी तुकड्या आपापल्या निशाणांसह शहराच्या मुख्य रस्त्याने शिस्तीत चालू लागल्या. आपली संख्या, संघटन आणि मतदार म्हणून असलेले बळ शहराला दाखवणे हा या मिरवणुकीचा उघड हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक शहरांतील पोलीस, अग्निशमन दल आणि नगरपालिकांमध्ये आयरिश वंशाच्या लोकांनी स्थान मिळवले, आणि मिरवणुकीला हजर राहणे ही स्थानिक पुढाऱ्यांची राजकीय गरज बनली.

देशोदेशीचे सोहळे

*अमेरिका*

न्यूयॉर्कची मिरवणूक ही जगातील सर्वांत मोठ्या संत पॅट्रिक मिरवणुकांपैकी एक आहे. ती फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्याने, इ.स. १८७९ मध्ये खुल्या झालेल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलसमोरून जाते. तिच्यात चित्ररथ किंवा मोटारगाड्या नसतात. वाद्यपथके, शाळा, संघटना, पोलीस व अग्निशामक दलाचे जवान हे सर्व पायीच चालतात. परंपरेने अग्रभागी ६९ वी पायदळ रेजिमेंट असते. आयर्लंडमधील प्रत्येक काउंटीच्या रहिवाशांचे मंडळ आपल्या काउंटीच्या नावाच्या फलकामागे चालते. १७ मार्च रविवारी आल्यास मिरवणूक आदल्या दिवशी काढली जाते.

बॉस्टनमध्ये १७ मार्चला दुहेरी महत्त्व आहे. इ.स. १७७६ मध्ये याच दिवशी ब्रिटिश सैन्याने शहर सोडले होते. 'इव्हॅक्युएशन डे' या नावाने तो बॉस्टनचा समावेश असलेल्या सफक काउंटीत अधिकृत सुटीचा दिवस आहे. अमेरिकन राष्ट्रीय इतिहासातील घटना आणि आयरिश संताचा दिवस असा हा योग आयरिश वंशाच्या बॉस्टनकरांना सोयीचा ठरला.

शिकागोमध्ये शहरातून वाहणारी नदी हिरव्या रंगाने रंगवली जाते. ही प्रथा इ.स. १९६२ मध्ये नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने सुरू केली. नदीत सांडपाणी कोठून मिसळते हे शोधण्यासाठी वापरला जाणारा रंग एका कामगाराच्या कपड्यांवर हिरवा उमटलेला पाहून ही कल्पना सुचली. पहिल्या वर्षी सुमारे ४५ किलोग्रॅम रंग टाकला गेला आणि नदी जवळजवळ आठवडाभर हिरवी राहिली. पर्यावरणाच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेल्यानंतर वनस्पतिजन्य रंग वापरात आला. ही भुकटी पाण्यात पडण्यापूर्वी नारिंगी दिसते.

*कॅनडा*

माँट्रिऑलमधील वार्षिक मिरवणुकीची परंपरा इ.स. १८२४ पासून सांगितली जाते. शहराच्या ध्वजावर फ्रेंच, इंग्रज व स्कॉटिश समाजांच्या चिन्हांबरोबर शॅमरॉकलाही स्थान आहे. न्यूफाउंडलंडमध्ये मासेमारीच्या निमित्ताने प्रामुख्याने वॉटरफर्ड व त्याच्या आसपासच्या भागांतून आलेले लोक स्थायिक झाले. या बेटाला आयरिश भाषेत स्वतंत्र नाव असून त्याचा अर्थ 'माशांची भूमी' असा होतो. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर या प्रांतात संत पॅट्रिक दिन ही शासकीय सुटी आहे.

कॅनडातील आयरिश स्मृतीत दुष्काळाचे स्थान विशेष मोठे आहे. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या बेटावर जहाजांतील प्रवाशांना विलग ठेवले जाई. केवळ इ.स. १८४७ मध्ये तेथे पाच हजारांहून अधिक आयरिश स्थलांतरितांचे दफन झाले. मृत्यूचे प्रमाण इतके होते की त्या काळातील जहाजांना 'शवपेटी जहाजे' असे नाव पडले. बेटावर इ.स. १९०९ मध्ये उभारलेल्या उंच केल्टिक क्रूसावर इंग्रजी, फ्रेंच आणि आयरिश भाषांत लेख कोरले आहेत. तिन्ही लेख शब्दशः सारखे नाहीत. आयरिश भाषेतील लेख या मृत्यूंचे खापर परकीय जुलमी कायद्यांवर व कृत्रिम दुष्काळावर फोडतो. इंग्रजी लेखात असा दोषारोप नाही.

*माँटसेराट*

कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट या ब्रिटिश बेटावर १७ मार्च ही सार्वजनिक सुटी आहे. सतराव्या शतकात येथे मोठ्या संख्येने आयरिश लोक आले. त्यांतील बरेच करारबद्ध मजूर होते. इ.स. १६७८ च्या गणनेत बेटावरील गोऱ्या रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक आयरिश असल्याचे दिसते. पुढे त्यांच्यापैकी काही जण मळ्यांचे व आफ्रिकन गुलामांचे मालक झाले. इ.स. १७६८ मध्ये गुलामांनी १७ मार्च हाच दिवस उठावासाठी निवडला, कारण त्या दिवशी मालक सणाच्या मेजवानीत व मद्यपानात गुंतलेले असणार होते. मात्र कट आधीच फुटला आणि त्याच्या नेत्यांना मृत्युदंड देण्यात आला.

इ.स. १९८५ पासून या दिवशी सार्वजनिक सुटी दिली जाते, ती प्रामुख्याने या उठावाच्या स्मरणार्थ. आठवडाभर चालणाऱ्या सोहळ्यात मुखवटाधारी नर्तकांची पथके, ढोलवादन आणि 'गोट वॉटर' नावाचा मटणाचा रस्सा असतो. बेटावर उतरणाऱ्या प्रवाशाच्या पारपत्रावर शॅमरॉकच्या आकाराचा शिक्का मारला जातो. इ.स. १९९५ नंतरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे राजधानी प्लिमथ उद्ध्वस्त झाली आणि निम्म्याहून अधिक लोकांना बेट सोडावे लागले. तेव्हापासून परदेशी गेलेले माँटसेराटवासी या आठवड्यात घरी परततात, त्यामुळे सणाला गावी परतण्याच्या सोहळ्याचे रूप आले आहे. आयरिश लोकांनी भोगलेल्या अन्यायाबरोबरच त्यांनी इतरांवर केलेल्या अन्यायाचीही आठवण ठेवणारा हा सोहळा या सणाच्या इतिहासात वेगळा ठरतो.

*ब्रिटन*

ब्रिटनमध्ये आयरिश स्थलांतरितांची संख्या मोठी असली तरी तेथील सोहळ्यांवर दोन देशांतील राजकीय संबंधांची छाया राहिली. बर्मिंगहॅममध्ये इ.स. १९५२ पासून मिरवणूक निघत असे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी शहरातील दोन मद्यालयांत झालेल्या बाँबस्फोटांत २१ जण ठार झाले. त्यानंतर शहरातील सामान्य आयरिश रहिवाशांना संशय व वैर यांना तोंड द्यावे लागले आणि मिरवणूक बंद पडली. ती इ.स. १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाली. लंडनमध्ये महापौर कार्यालयाच्या पुढाकाराने होणारा मोठा सोहळा इ.स. २००२ पासून, म्हणजे उत्तर आयर्लंडविषयीच्या १९९८ च्या शांतता करारानंतरच, सुरू झाला.

*ऑस्ट्रेलिया*

ऑस्ट्रेलियातील पहिले आयरिश रहिवासी प्रामुख्याने शिक्षा भोगणारे कैदी होते. इ.स. १८०४ मध्ये कासल हिल येथे झालेल्या कैद्यांच्या उठावात आयरिश कैद्यांचा मोठा भाग होता. सहा वर्षांनी, इ.स. १८१० मध्ये, गव्हर्नर लॉकलन मॅक्वारी यांनी सिडनीत सरकारी कामावरील मजुरांना संत पॅट्रिक दिनानिमित्त मेजवानी दिली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीवरून ऑस्ट्रेलियात दोनदा सार्वमत घेतले गेले. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स हे भरतीच्या विरोधकांचे प्रमुख नेते होते, त्यामुळे आयरिश कॅथलिकांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. याला उत्तर म्हणून इ.स. १९२० मधील मेलबर्नच्या मिरवणुकीत मॅनिक्स यांच्यासोबत व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले १४ सैनिक घोड्यांवर स्वार होऊन चालले.

*इतर देश*

अर्जेंटिनात एकोणिसाव्या शतकात वेस्टमीथ, लाँगफर्ड व वेक्सफर्ड या भागांतून आलेल्या आयरिश कुटुंबांनी मेंढीपालनात जम बसवला. देशाच्या नौदलाचे संस्थापक ॲडमिरल विल्यम ब्राऊन हे आयर्लंडमधील मेयो काउंटीचे होते. 'द सदर्न क्रॉस' हे तेथील आयरिश समाजाचे नियतकालिक इ.स. १८७५ पासून निघत आहे. मेक्सिकोत अमेरिका-मेक्सिको युद्धाच्या वेळी (१८४६–१८४८) अमेरिकन सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेल्या 'सान पात्रिसिओ' पलटणीचे स्मरण केले जाते. पकडल्या गेलेल्या या सैनिकांपैकी अनेकांना इ.स. १८४७ मध्ये अमेरिकन सैन्याने फाशी दिली. जपानमध्ये आयरिश वंशाची वस्ती अल्प असूनही टोकियोत १९९० च्या दशकापासून मिरवणूक निघते.

खाद्यपदार्थ आणि चिन्हे

अमेरिकेत या दिवशी खारवलेले गोमांस आणि कोबी हे पारंपरिक जेवण मानले जाते. आयर्लंडमध्ये मात्र सामान्य कुटुंबांत कोबीबरोबर खारवलेले डुकराचे मांस शिजवले जाई. गोमांस महाग होते, आणि कॉर्क बंदरातून निर्यात होणारे खारवलेले गोमांस स्थानिक गरिबांच्या आवाक्याबाहेर होते. न्यूयॉर्कमध्ये आलेल्या आयरिश कुटुंबांना शेजारच्या ज्यू खाटिकांकडे खारवलेले गोमांस स्वस्तात मिळू लागले, आणि तेच त्यांच्या सणाचे जेवण बनले. हा पदार्थ दोन स्थलांतरित समाजांच्या शेजारातून घडला आहे.

हिरव्या रंगाची बिअर ही विसाव्या शतकातील अमेरिकन कल्पना आहे. संत पॅट्रिक यांच्याशी पूर्वी निळ्या रंगाची एक छटा जोडली जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः इ.स. १७९८ च्या उठावानंतर, हिरवा रंग आयरिश राष्ट्रवादाची खूण बनला आणि परदेशांतील मिरवणुकांनी तो सणाशी कायमचा जोडला.

संगीत, नृत्य आणि खेळ

आयरिश सांस्कृतिक वारशाचे जतन करण्यातही स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे. कॉर्क काउंटीत जन्मलेले फ्रान्सिस ओ'नील हे इ.स. १९०१ ते १९०५ या काळात शिकागो पोलीस दलाचे प्रमुख होते. त्यांनी शहरातील आयरिश वादकांकडून आणि आपल्या शिपायांकडून पारंपरिक धुना गोळा केल्या. इ.स. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहात १,८५० धुना आहेत. स्लायगोचे व्हायोलिनवादक मायकेल कोलमन इ.स. १९१४ मध्ये अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आयर्लंडमध्ये पोहोचल्या, आणि त्यांच्या वादनशैलीचा प्रभाव आयर्लंडच्या इतर भागांतील वादकांवरही पडला.

आज आयर्लंडच्या ग्रामजीवनाचे प्रतीक समजल्या जाणाऱ्या 'केली' या सामूहिक नृत्यसमारंभाचा या नावाने झालेला पहिला सार्वजनिक कार्यक्रम लंडनमध्ये ३० ऑक्टोबर १८९७ रोजी झाला. तो गेलिक लीग या भाषासंवर्धन संस्थेच्या लंडन शाखेने आयोजित केला होता.

गेलिक फुटबॉल व हर्लिंग हे आयरिश खेळ परदेशांतील मंडळे आजही खेळतात. इ.स. १९४७ मध्ये, दुष्काळातील सर्वांत भीषण वर्षाला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर खेळवला गेला. त्यात कॅव्हनने केरीचा पराभव केला. आयर्लंडमधील लोकांनी या सामन्याचे समालोचन रेडिओवर ऐकले.

इतर सण

संत पॅट्रिक दिनाखेरीज आणखी काही आयरिश परंपरा परदेशी रुजल्या. हिवाळ्याच्या आरंभी येणाऱ्या 'साविन' या प्राचीन सणाशी निगडित प्रथा आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेल्या आणि तेथे त्यांतून आजचा हॅलोविन घडला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे केले जात. अमेरिकेत सहज मिळणाऱ्या व कोरण्यास सोप्या भोपळ्याने त्याची जागा घेतली. २६ डिसेंबर रोजी वेष पालटून घरोघर गात फिरण्याची 'रेन डे'ची प्रथा न्यूफाउंडलंडमध्येही पोहोचली.

नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावण्याची आयरिश प्रथा वाट चुकलेल्या वाटसरूच्या स्वागताची खूण मानली जाते. इ.स. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन यांनी परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठी राष्ट्राध्यक्ष निवासाच्या खिडकीत कायम तेवणारा दिवा ठेवला. पुढे इ.स. १९९८ च्या कराराबरोबर झालेल्या घटनादुरुस्तीने, परदेशी राहणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांशी राष्ट्राचे विशेष नाते असल्याचे आयर्लंडच्या राज्यघटनेत नमूद झाले.

सहभागाविषयीचे वाद

विसाव्या शतकाच्या अखेरीस मिरवणुकीतील समलैंगिक गटांच्या सहभागावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. न्यूयॉर्कमध्ये इ.स. १९९१ साली आयरिश समलैंगिकांच्या एका गटाला स्वतःच्या फलकासह चालण्याची परवानगी मिळाली नाही. तो गट एका हायबर्नियन शाखेचा पाहुणा म्हणून सहभागी झाला आणि महापौर डेव्हिड डिंकिन्स त्याच्यासोबत चालले. प्रेक्षकांतील काहींनी त्यांच्यावर बिअर फेकली व शिवीगाळ केली. पुढील दोन दशकांहून अधिक काळ आयोजकांनी अशा गटांना स्वतःच्या नावाने सहभागी होऊ दिले नाही.

बॉस्टनमधील अशाच वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९५ मध्ये एकमताने निर्णय दिला. खासगी आयोजकांची मिरवणूक ही त्यांची अभिव्यक्ती असून आपल्याला मान्य नसलेला संदेश तीत समाविष्ट करण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात हा निर्णय आजही महत्त्वाचा मानला जातो. कायद्याने आयोजकांची बाजू उचलून धरली तरी लोकमत आणि पुरस्कर्त्यांचा दबाव वाढत गेला, आणि इ.स. २०१५ मध्ये दोन्ही शहरांतील आयोजकांनी बंदी शिथिल केली.

इ.स. २०१८ मध्ये आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत आपल्या पुरुष जोडीदारासह चालले. वराडकर यांचे वडील मुंबईत वाढलेले डॉक्टर असून कुटुंबाचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड हे आहे. स्थलांतरितांच्या मिरवणुकीत आयर्लंडचे प्रतिनिधित्व एका स्थलांतरिताच्या मुलाने केले, याची दखल भारतीय वंशाच्या आयरिश नागरिकांच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

राजनैतिक महत्त्व

इ.स. १९५२ मध्ये अमेरिकेतील आयरिश राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यासाठी शॅमरॉकची एक पेटी पाठवली. या साध्या भेटीतून, आयर्लंडच्या पंतप्रधानांनी १७ मार्चच्या सुमारास व्हाइट हाउसमध्ये स्फटिकपात्रातून शॅमरॉक देण्याची वार्षिक प्रथा निर्माण झाली. लहान देशाच्या प्रमुखाला अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची दरवर्षी ठरलेली भेट यामुळे मिळते. १९९० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेत या भेटींचा उपयोग झाला. आयर्लंडचे इतर मंत्रीही या दिवसांत निरनिराळ्या देशांना भेटी देतात. इ.स. २०१० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसपासून जगभरातील प्रसिद्ध वास्तूंवर हिरवी रोषणाई करण्याचा उपक्रम आयरिश पर्यटन संस्थेने सुरू केला.

आयर्लंडवरील परिणाम

आयर्लंडमध्ये १७ मार्च ही सार्वजनिक सुटी इ.स. १९०३ मध्ये झाली. स्वातंत्र्यानंतर इ.स. १९२७ च्या कायद्याने या दिवशी मद्यालये बंद ठेवण्यात आली. ही बंदी इ.स. १९६० मध्ये उठली. न्यूयॉर्क व शिकागोत जल्लोष चालू असताना डब्लिनमध्ये हा दिवस प्रार्थना, सैनिकी संचलन व कौटुंबिक भोजनात जाई.

पुढे अमेरिकेतून येणारे आयरिश वंशाचे पर्यटक आणि वाद्यपथके यांच्यामुळे डब्लिनच्या मिरवणुकीचे रूप बदलू लागले. इ.स. १९९६ मध्ये शासनाच्या पुढाकाराने पहिला 'सेंट पॅट्रिक्स फेस्टिव्हल' भरवण्यात आला आणि अनेक दिवस चालणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. हिरव्या टोप्या, बुटक्या लेप्रेकॉनची सोंगे आणि अतिमद्यपान यांमुळे आयरिश माणसाची जुनी टवाळीच पुन्हा रंगवली जाते, अशी टीका आयर्लंडमध्ये व परदेशांतील आयरिश समाजातही होते. दुसरीकडे, आयर्लंड स्वतः स्थलांतरितांना सामावून घेणारा देश झाल्यापासून तेथील गावोगावच्या मिरवणुकांत पोलिश, नायजेरियन, ब्राझिलियन आणि भारतीय रहिवाशांची पथकेही चालताना दिसतात.